चौरस पिक्सेलचे सोवळे

जुन्या कन्सोलवरचे गेम हातात मावणाऱ्या आजच्या यंत्रांवर खेळणाऱ्या मंडळींत, विशेषतः अमेरिकेत, एक मत इतके रुजले आहे की त्याला मत न म्हणता आता आचारधर्मच म्हणावे लागेल. मूळ गेमचे चित्र नव्या पडद्यासाठी मोठे करायचे ते दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकपटीतच करावे. मूळ चित्रातला प्रत्येक पिक्सेल, म्हणजे ज्याहून लहान भाग त्या चित्रात नाही असा एकरंगी ठिपका, नव्या पडद्यावर लांबी-रुंदीला सारख्याच संख्येच्या ठिपक्यांचा चौरस होऊन उमटावा. त्यापायी निम्मा पडदा काळा राहिला तरी बेहत्तर, पण अडीचपट किंवा पावणेतीनपट अशा अपूर्णांकाचा विटाळ होता कामा नये, असे हे सोवळे आहे. टीव्हीसाठी बनलेल्या गेमना ते लागू करणे म्हणजे ज्या मूळ रूपाच्या नावाने ते पाळले जाते त्याच रूपाचा भंग करणे होय, असे येथे दाखवायचे आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राच्या अंतरंगाची आज्ञावलीने केलेली नक्कल, मूळ यंत्र जे चित्र तयार करत असे ते ठिपक्यागणिक जसेच्या तसे तयार करतो. निन्टेन्डोच्या एसएनईएस या कन्सोलचे २५६ स्तंभ आणि २२४ ओळींचे चित्र हीच कलावंताची रचना, आणि तिच्यावर पुढे होणारी प्रत्येक प्रक्रिया ही भेसळ, असे या पक्षाचे म्हणणे आहे. दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे. अपूर्णांकपटीने मोठे करताना काही स्तंभ तीन ठिपक्यांचे तर काही चार ठिपक्यांचे होतात, अक्षरांच्या रेघा जाडबारीक दिसतात आणि पार्श्वभूमी सरकू लागली की त्या जाडबारीकपणाची लाट चित्रभर पळते. हा दुसरा मुद्दा खरा आहे आणि त्याचे उत्तर द्यावेच लागेल. पहिला मात्र मुळातच फसलेला आहे.

तो का फसलेला आहे हे कळण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल येथील अटारी कंपनीने १९७७ मध्ये बाजारात आणलेल्या २६०० या कन्सोलकडे पाहिले पाहिजे. या यंत्राची स्मृती अवघी १२८ बाइटांची होती, आणि एक संपूर्ण चित्र साठवून ठेवता येईल अशी जागा त्यात कुठेच नव्हती. टीव्हीच्या चित्रनळीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखीत वरून खाली येत असताना, त्या झोताच्या गतीशी शर्यत लावल्यासारखे हे यंत्र त्या-त्या क्षणी कोणता रंग पाठवायचा एवढेच ठरवत असे. तेव्हा अटारीचा पिक्सेल हा कागदावरचा चौकोन नसून काळाचा एक तुकडा होता, आणि तो किती लांबीचा असावा हे अमेरिकन टीव्हीच्या रंगपद्धतीने ठरवले होते. १९५३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने मान्य केलेल्या एनटीएससी या रंगीत प्रक्षेपणाच्या मानकात रंगाची माहिती वाहून नेणारी एक लहर असते. तिची सेकंदाला सुमारे ३५ लाख ८० हजार आवर्तने होतात. अटारीचा एक पिक्सेल म्हणजे त्या लहरीचे बरोबर एक आवर्तन. एवढ्या वेळात झोत पडद्यावर जितके अंतर कापतो ते एका ओळीच्या उंचीच्या १२/७ पट, म्हणजे सुमारे १.७१ पट भरते.

आता चौरस पिक्सेलचा नियम येथे लावून पाहावा. अटारीच्या ठरावीक चित्रात १६० स्तंभ आणि १९२ ओळी असतात. प्रत्येक पिक्सेल चौरस मानला तर रुंदीपेक्षा उंची जास्त असलेले, दाराच्या फटीतून पाहावे तसे उभे चित्र तयार होते, आणि १९८२ च्या ‘पिटफॉल’मधला वेलीला लोंबकळून दलदल ओलांडणारा नायक काडीसारखा बारीक होतो. इतक्या टोकाला कोणीही पूर्णांकवादी जात नाही. तो निमूटपणे रुंदी दुप्पट करतो आणि पिक्सेल चौरस नव्हता हे कृतीने कबूल करतो. मग प्रश्न एवढाच उरतो, की अटारीच्या बाबतीत मान्य असलेले वास्तव निन्टेन्डोच्या बाबतीत अमान्य का. अटारीत चूक ७१ टक्क्यांची असल्यामुळे ती डोळ्यांत खुपते आणि निन्टेन्डोत ती १४ टक्क्यांची असल्यामुळे खपून जाते, याखेरीज त्याला दुसरे कारण सापडत नाही.

निन्टेन्डोचे एनईएस हे कन्सोल १९८५ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्क परिसरात प्रथम विकायला ठेवले गेले, आणि त्याचा धाकटा भाऊ एसएनईएस १९९१ मध्ये अमेरिकेत आला. या दोन्ही यंत्रांचे घड्याळ त्याच रंगलहरीला बांधलेले आहे, फरक एवढाच की येथे दोन आवर्तनांत तीन पिक्सेल बसतात. परिणामी पिक्सेलची रुंदी उंचीच्या ८/७ पट होते. याही यंत्रांत पूर्ण चित्र साठवलेले नसते. आठ बाय आठ ठिपक्यांच्या नक्ष्या आणि त्या कुठे मांडायच्या याचे तक्ते एवढेच स्मृतीत असते, आणि चित्र ओळीगणिक, झोताच्या चालीने घडत जाते. म्हणजेच २५६ स्तंभांचे आणि २२४ ओळींचे जे सबंध ‘मूळ चित्र’ म्हणून पुढे केले जाते, ते एकसंध रूपात पहिल्यांदा अस्तित्वात येते ते इम्युलेटरच्या स्मृतीत. ज्याला शुद्ध मूळ म्हणून पुजले जाते ती वस्तू आधुनिक आज्ञावलीच्या सोयीसाठी मध्येच निर्माण झालेली पायरी आहे, आणि १९९१ सालच्या कोणत्याही मुलाने, कलावंताने किंवा परीक्षकाने ती कधी पाहिली नव्हती.

याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे उपयोगाचे आहे, कारण त्यात विरुद्ध बाजूच्या लोकांचीही चूक उघडी पडते. अमेरिकन टीव्हीच्या चार-तीन प्रमाणाच्या पडद्यावर एका ओळीत एनईएसचे २८० पिक्सेल मावतात. २८० ला ८/७ ने गुणले की ३२० येतात, आणि ३२० ला २४० हे बरोबर चार-तीन प्रमाण झाले. यंत्र मात्र चित्र देते २५६ पिक्सेलचे. उरलेले २४ पिक्सेल दोन्ही कडांना कोऱ्या पट्ट्यांच्या रूपाने पडतात किंवा टीव्हीच्या चौकटीमागे झाकले जातात. म्हणून २५६ बाय २४० चे चित्र ओढून चार-तीन प्रमाणाच्या पडद्यावर काठोकाठ बसवणारे लोक पिक्सेल सव्वापट रुंद करतात आणि सुमारे ९ टक्के जास्त ताणतात; वरच्या-खालच्या आठ-आठ ओळी कापून २२४ ओळींचेच चित्र तसे बसवले तर चूक २ टक्क्यांवर येते, जी कोणत्याही घरगुती टीव्हीच्या मांडणीतल्या फरकापेक्षा मोठी म्हणता येणार नाही. चौरसवाद्यांचे चित्र या मापाने साडेबारा टक्के अरुंद भरते.

या ओळी कापण्याच्या प्रथेत एक गंमत दडलेली आहे. जुन्या टीव्हीची चौकट चित्राच्या कडा झाकत असे, म्हणून अनेक गेममध्ये कडेला कचरा राहू दिलेला असतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मध्ये उजव्या कडेला भलत्याच रंगांचे चौकडे लुकलुकतात ते याच भरवशावर. पूर्णांकवादी हा कचरा टीव्हीवर दिसत नव्हता म्हणून वरखालच्या ओळी आणि कडेचे स्तंभ बिनदिक्कत छाटतात. काय दिसावे हे ठरवताना टीव्हीची साक्ष ग्राह्य आणि किती रुंद दिसावे हे ठरवताना तीच साक्ष त्याज्य, असा हा न्याय आहे.

सेगाच्या जेनेसिस कन्सोलने तर हा वाद १९८९ सालीच निकालात काढला होता. या यंत्राला चित्र काढण्याच्या दोन रीती होत्या, एक ३२० स्तंभांची आणि दुसरी २५६ स्तंभांची, आणि दोन्ही रीतींत चित्र टीव्हीवर अगदी सारखीच रुंदी व्यापत असे, कारण पहिल्या रीतीत पिक्सेल उंचीच्या ३२/३५ पट, म्हणजे किंचित अरुंद, आणि दुसरीत ८/७ पट रुंद होता. चौरस पिक्सेल हेच सत्य मानले तर एकाच यंत्राचे, एकाच टीव्हीवर, एकाच चौकटीत बसणारे चित्र रीत बदलताच एक पंचमांशाने आक्रसते असे मानावे लागेल. असे आक्रसलेले चित्र त्या टीव्हीसमोर बसलेल्या कोणी कधी पाहिले नाही.

यावर ठरलेले प्रत्युत्तर येते, की खुद्द निन्टेन्डोच चौरस पिक्सेलला मूळ रूप मानते. २०१६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आलेल्या आणि दुकानांतून पाहता पाहता नाहीशा झालेल्या एनईएस क्लासिक एडिशन या छोट्या संचात चित्राचे तीन पर्याय होते: जुन्या टीव्हीचा आभास देणारा, चार-तीन प्रमाणाचा, आणि ‘पिक्सेल परफेक्ट’ या नावाचा, ज्यात प्रत्येक पिक्सेल चौरस असतो आणि म्हणून गेम जसा रचला गेला तसाच दिसतो असे कंपनीने सांगितले. पण त्याच माहितीत चार-तीन प्रमाणाच्या पर्यायाला कंपनीने मूळ एनईएसचे दर्शन म्हटले होते. एकीकडे मूळ दर्शन आणि दुसरीकडे मूळ रचना अशी ही विभागणी आहे, आणि ती करणाऱ्या कंपनीला दोन्ही पर्यायांचे ग्राहक हवे होते; जाहिरातीच्या मजकुराला इतिहासाचा पुरावा मानण्याइतका भाबडेपणा एरवी चिकित्सक असलेल्या या वर्गाला शोभत नाही.

कलावंताच्या हेतूचा आधार मात्र दोन्ही बाजूंनी सोडून देणे श्रेयस्कर. चौरसवादी म्हणतात की चित्रकार चौकड्यांच्या जाळीवर ठिपके भरत होते, आणि टीव्हीवादी म्हणतात की ते समोरच्या टीव्हीवर पाहून दुरुस्त्या करत होते. पुरावा दोन्हीकडचा सापडतो. कॅपकॉमचा १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर २’ अमेरिकेतल्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत, गाजला. त्याच्या यंत्रणेचे चित्र ३८४ बाय २२४ चे असून ते चार-तीन प्रमाणाच्या नळीवर दाबून बसवलेले असे. तेच चित्र चौरस पिक्सेलमध्ये पाहिले तर ते २८ टक्क्यांहून अधिक रुंद होते आणि रियू, केन हे चपळ लढवय्ये खानावळीच्या मालकांसारखे आडवे दिसू लागतात; तेव्हा हे दाबले जाणे कॅपकॉमच्या चित्रकारांनी हिशेबात धरले होते यात शंका नाही. उलट कितीतरी घरगुती गेममध्ये चंद्र किंवा चाक ठिपके मोजून तंतोतंत गोल काढलेले असते आणि टीव्हीवर ते अंडाकृती दिसे. घाई, सवय, बेफिकिरी, वेळेची टंचाई अशी कारणे एकाच गेममधल्या दोन चित्रांनाही वेगवेगळी लागू पडतात. हेतू असा विखुरलेला असल्यामुळे निर्णय हेतूवर न सोपवता ज्या उपकरणावर कृती पूर्ण होत होती त्या उपकरणावर सोपवणे भाग आहे. अंडाकृती चंद्र हा त्या गेमचा दोष असेल, तर तो दोषासकट जतन झाला पाहिजे.

आता खऱ्या तक्रारीकडे वळायला हवे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू येथील व्हॉल्व्ह कंपनीचे, २०२२ च्या फेब्रुवारीत ग्राहकांच्या हाती पडू लागलेले स्टीम डेक हे यंत्र घ्यावे. त्याचा पडदा १२८० बाय ८०० ठिपक्यांचा आहे. एसएनईएसच्या २२४ ओळी तिप्पट केल्या की ६७२ होतात आणि वर-खाली ६४-६४ ओळी मोकळ्या राहतात. रुंदी खऱ्या मापाने धरली तर ती ८७८ ठिपके येते, म्हणजे मूळच्या प्रत्येक सात स्तंभांना २४ ठिपके मिळतात. सातांत चोवीस सारखे वाटता येत नाहीत. सर्वांत जवळचा रंग उचलून भरण्याच्या सरधोपट पद्धतीने तीन स्तंभ चार ठिपक्यांचे आणि चार स्तंभ तीन ठिपक्यांचे होतात, आणि एका पिक्सेलची रेघ कुठे तीन तर कुठे चार ठिपके जाड दिसते. मारिओ धावू लागला की पार्श्वभूमीतला तोच खांब क्षणाक्षणाला जाडबारीक होतो. हे ओंगळ आहे, आणि ज्याला ते खुपत नाही त्याच्या नजरेचे कौतुक करण्याचे कारण नाही.

पण या रोगावर पूर्णांक हे एकमेव औषध असल्याचा समज चुकीचा आहे. चित्र आधी चौपट, म्हणजे १०२४ स्तंभांपर्यंत, धारदार कडा राखून वाढवावे आणि मग शेजारच्या ठिपक्यांचे रंग प्रमाणात मिसळत ८७८ वर आणावे, एवढी साधी युक्ती अनेक वर्षे प्रचारात आहे, आणि रेट्रोआर्कसारख्या सर्वपरिचित इम्युलेटर-संचात ती तयार मिळते. तिने प्रत्येक मूळ पिक्सेलचा गाभा स्वच्छ एकरंगी राहतो, सगळ्या पिक्सेलची रुंदी सारखी दिसते, आणि दोन पिक्सेलच्या सीमेवर पडद्याच्या जेमतेम एका ठिपक्याइतका रंग मिसळतो. तो ठिपका केवढा असतो हेही पाहावे. सिॲटलच्या ॲनालॉग कंपनीने २०२१ च्या डिसेंबरात आणलेल्या पॉकेट या हँडहेल्डच्या, म्हणजे हातात मावणाऱ्या यंत्राच्या, साडेतीन इंची पडद्यावर इंचाला ६१५ ठिपके आहेत. एक ठिपका सुमारे ०.०४ मिलिमीटरचा. एवढ्या सीमेवरची मिसळ भिंगाशिवाय दाखवून द्यावी असे आव्हान कोणत्याही पूर्णांकवाद्याला द्यायला हरकत नाही.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती चर्चेत सहसा येत नाही. चित्रनळीत आडवी आणि उभी दिशा समान नसतात. उभ्या दिशेने चित्र खरोखरच तुटक असते: एक ओळ, मग अंधाराची बारीक फट, मग दुसरी ओळ. आडव्या दिशेने मात्र ते सलग असते, कारण झोत ओळीवरून अखंड धावतो आणि एका रंगातून दुसऱ्या रंगात जाताना तारेतल्या संकेताला थोडा वेळ लागतो. सेगाच्या १९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मध्ये धबधबा एकाआड एक उभ्या रेघांनी काढला आहे, साध्या पिवळ्या तारेने जोडलेल्या टीव्हीवर त्या रेघा एकमेकींत विरघळत आणि पाण्याच्या पडद्याआडून मागचे दृश्य दिसल्याचा भास होई. चौरस, धारदार पिक्सेलमध्ये त्याच धबधब्याचे गज होतात. तेव्हा पूर्णांकाचा आग्रह धरायचाच असेल तर तो उभ्या दिशेपुरता धरावा, प्रत्येक ओळीला सारखेच ठिपके द्यावेत, ओळींमधली फट दाखवायची असेल तर तिलाही मग जागा मिळते; आडव्या दिशेला पूर्णांकाचे बंधन घालण्यास चित्रनळीच्या रचनेत कोणताच आधार नाही. दोन्ही दिशांना पूर्णांकच हवेत असे ज्याचे व्रत असेल त्याच्यासाठी गणिताने एक वाट ठेवली आहे: आडवे आठपट, उभे सातपट. ते २०४८ बाय १५६८ चे चित्र मावेल असा पडदा हँडहेल्डला क्वचितच असतो, आणि असला तरी आठ आणि सात हे आकडे सारखे नसल्यामुळे पिक्सेल चौरस राहत नाही तो नाहीच.

मूळ हँडहेल्डसाठीच बनलेल्या गेमची गोष्ट निराळी, आणि तेथे पूर्णांकवाद्यांचे बरेचसे म्हणणे मान्य करावे लागते. १९८९ मध्ये अमेरिकेत आलेल्या गेम बॉयचा पडदा द्रवस्फटिकांचा होता, त्यात १६० बाय १४४ चौरस ठिपके खरोखर होते, त्यांच्यामधल्या फटीही दिसत. पॉकेटचा पडदा १६०० बाय १४४० चा ठेवण्यात ॲनालॉगने बरोबर दसपटीचा हिशेब केला, आणि दहा बाय दहा ठिपक्यांच्या घरात जुन्या पडद्याची जाळीसुद्धा रेखाटण्याइतकी जागा त्यामुळे मिळाली. येथे पूर्णांक वस्तूच्या घडणीतूनच येतो.

पण येथेही आकार राखणे आणि पूर्णांक राखणे या दोन गोष्टींची गल्लत होते. मियू मिनी या लोकप्रिय चिनी हँडहेल्डचा पडदा २.८ इंचांचा, ६४० बाय ४८० ठिपक्यांचा आहे. गेम बॉय ॲडव्हान्सचे २४० बाय १६० चे चित्र त्यावर पूर्णांकाने बसवायचे तर दुप्पटच करता येते, आणि मग ते बरोबर निम्मा पडदा व्यापते. मोजमापात सांगायचे तर चित्राची रुंदी सुमारे ४३ मिलिमीटर भरते, आणि २००१ च्या मूळ यंत्रावर ती सुमारे ६१ मिलिमीटर होती. क्षेत्रफळ मूळच्या निम्म्याहूनही कमी. निष्ठेच्या नावाखाली मूळ वस्तूपेक्षा निम्मी वस्तू हातात येते, आणि जे २००१ मध्ये शाळेत होते त्यांना आता चाळिशी लागू लागली असल्यामुळे त्यांना गेममधले संवाद वाचण्यासाठी यंत्र नाकाशी धरावे लागते. तेच चित्र प्रमाण न बिघडवता पडद्याच्या पूर्ण रुंदीवर, म्हणजे २.६७ पटीने, बसवले तर ते ५७ मिलिमीटरचे होते आणि मूळ अनुभवाच्या बरेच जवळ येते. मियू मिनीचा ठिपका पॉकेटच्या दुपटीहून मोठा असल्याने कडा किंचित मऊ दिसतील हे खरे; पण मऊ कडा आणि न वाचता येणारी अक्षरे यांत कोणती हानी मोठी हे ठरवायला फार विचार लागू नये. अमेरिकन बाजाराने ही हानी आधीच पाहिली होती: १९९० च्या टर्बोएक्स्प्रेसने टीव्हीसाठी बनलेले गेम जसेच्या तसे २.६ इंची पडद्यावर आणले, आणि त्यांतला मजकूर वाचता येत नाही ही त्याच्याविषयीची नेहमीची तक्रार होती.

निन्टेन्डोने स्वतः हा प्रश्न कसा हाताळला तेही पाहण्याजोगे आहे, कारण त्यात सोवळ्याचा मागमूस नाही. १९९९ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स’मध्ये एनईएसचा गेम गेम बॉय कलरच्या पडद्यावर आणताना पिक्सेल जसेच्या तसे ठेवले आणि दृश्यच कापले, त्यामुळे पुढचा खड्डा ऐनवेळी दिसू लागला आणि उडी मारण्याचा अंदाज चुकू लागला. २००४ च्या क्लासिक एनईएस मालिकेत उलट मार्ग धरून संपूर्ण दृश्य उभ्या दिशेने दाबले. गेम बॉय ॲडव्हान्सवर जुने गेम बॉयचे गेम लावले की खांद्यावरच्या बटनाने चित्र दीडपट रुंद करता येई, आणि हा पर्याय कंपनीनेच दिला होता. यांतले पहिले दोन मार्ग त्या काळच्या पडद्याच्या तुटपुंज्या ठिपक्यांमुळे पत्करलेली तडजोड होती. तिसरा मात्र शुद्ध हावरटपणा, रिकामी जागा पाहवत नाही म्हणून केलेला. आज रुंद पडद्याच्या यंत्रांवर मारिओला सोळा-नऊ प्रमाणात लांब करून खेळणारे याच तिसऱ्या मार्गाचे वारस आहेत, आणि त्यांच्या बाजूने म्हणण्यासारखे काहीही नाही.

गेमचे चित्र म्हणजे नेमके कोणते, टीव्हीवरचे की इम्युलेटरच्या पडद्यावरचे, हा प्रश्न एकदा अमेरिकेच्या न्यायालयासमोरही आडवळणाने आला होता. ब्लीम नावाच्या छोट्या कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशनचे गेम संगणकावर चालवणारा इम्युलेटर विकायला काढला आणि जाहिरातीत तोच गेम टीव्हीवर कसा दिसतो व संगणकावर कसा दिसतो हे शेजारीशेजारी छापले. सोनीने त्या चित्रांच्या वापरावर दावा लावला, आणि २००० साली नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तुलनात्मक जाहिरातीसाठी असा वापर रास्त ठरवला. न्यायालयाला पिक्सेलच्या तत्त्वज्ञानात रस असण्याचे कारण नव्हते. पण एकच गेम दोन पडद्यांवर निराळा दिसतो, आणि तो फरक ग्राहकाला कळावा यात त्याचे हित आहे, ही गोष्ट त्या निकालात गृहीत आहे. गेमच्या आज्ञावलीत दडलेले एक पडदानिरपेक्ष, सोवळ्यातले चित्र असते ही कल्पना दोन्ही पक्षांपैकी कोणाच्याही उपयोगाची नव्हती.

एक आक्षेप मराठी वाचकाच्या मनात साहजिकच येईल. नव्वदीच्या दशकात पुण्या-नाशिकच्या घरांत एनईएसच्या नकली संचांवर काळ्या-पिवळ्या कॅसेट घालून हेच गेम खेळले गेले ते भारतीय टीव्हीच्या पाल या मानकावर, ज्यात ओळी जास्त आणि त्यामुळे पिक्सेल आणखी रुंद, उंचीच्या जवळपास १.३९ पट असतो. मग टीव्हीच प्रमाण मानायचा तर कोणाचा टीव्ही? त्यावर उत्तर असे की गेम ज्या मानकाच्या यंत्रासाठी घडवला गेला ते मानक प्रमाण धरावे, आणि जपान व अमेरिका या दोन्ही देशांचे मानक या बाबतीत एकच असल्यामुळे बहुतेक गेमच्या बाबतीत ते ठरवणे अवघड जात नाही. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाला आठवणारा मारिओ आणि त्याच्या सांगलीच्या मावसभावाला आठवणारा, जरा बुटका, जाडसर मारिओ यांत पहिला प्रमाण ठरतो. दुसऱ्याला आपले रूप हवे असेल तर इम्युलेटरमध्ये तोही पर्याय असावा. चौरस पिक्सेलवाला मारिओ या दोघांनीही लहानपणी पाहिलेला नाही.

टीव्हीचे गेम बाजूला ठेवून केवळ हँडहेल्डपुरता नियम केला तरी तो टिकत नाही, हे सेगाच्या गेम गिअरवरून दिसते. १९९१ मध्ये अमेरिकेत आलेल्या या यंत्राच्या चित्रातही गेम बॉयप्रमाणेच १६० स्तंभ आणि १४४ ओळी होत्या, परंतु त्याचा पडदा चार-तीन प्रमाणाचा असल्यामुळे त्यावरचा प्रत्येक पिक्सेल उंचीच्या ६/५ पट रुंद होता. पॉकेटला जोडपट्टी लावून गेम गिअरची कॅसेटही चालते. चौरसवाद्याने तिथे दसपटीचा नियम लावला तर १६०० बाय १४४० चा पडदा काठोकाठ भरतो, एकही अपूर्णांक उरत नाही, एकही स्तंभ जाडबारीक होत नाही, आणि सॉनिक मूळ पडद्यावर होता त्याहून एक षष्ठांशाने बारीक दिसतो. त्याचे खरे रूप हवे असेल तर ओळी १२०० वर आणून वर-खाली १२०-१२० ओळी काळ्या सोडाव्या लागतात आणि प्रत्येक ओळीला आठ पूर्णांक एक तृतीयांश ठिपके द्यावे लागतात.